विनोद कांबळींच्या धावांचा हिशेब

क्रिकेटचा खेळ आता गावोगाव पोचला आहे. सुगी झाली, शेतं मोकळी झाली, की पोरं तीन काठ्या रोवतात आणि खेळ सुरू होतो. घरातली म्हातारी माणसंसुद्धा विचारतात, "आपल्या किती झाल्या रे?" आज आम्ही एका फलंदाजाची हकिकत सांगणार आहोत. त्यांच्या धावांचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. त्यांचे नाव विनोद कांबळी.

विनोदचा जन्म १८ जानेवारी १९७२ रोजी झाला. घर मुंबईतले, साध्या कष्टकरी माणसाचे. मुलगा डावखुरा. दादरच्या शारदाश्रम शाळेत तो शिकला. शिवाजी पार्कच्या मैदानावर रमाकांत आचरेकर सर मुलांना क्रिकेट शिकवत. सर कडक होते. त्यांच्या हाताखाली विनोद तयार झाला. बरोबर दुसरा एक मुलगा होता, सचिन तेंडुलकर.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शाळांच्या स्पर्धेत या दोघांनी ६६४ धावांची भागीदारी केली. विनोद तेव्हा १६ वर्षांचा होता आणि सचिन १४ वर्षांचा. विनोदने ३४९ धावा केल्या, सचिनने ३२६. दोघेही बाद झाले नाहीत. समोरच्या शाळेची मुलं चेंडूमागे पळून पळून थकली. विनोदच्या धावा सचिनपेक्षा जास्त होत्या, बरं का!

पुढे दोघेही भारताकडून खेळले. कसोटी सामना म्हणजे पाच दिवसांचा मोठा सामना. त्यात प्रत्येक संघाला दोनदा फलंदाजी मिळते. एकेका फलंदाजीला डाव म्हणतात. कांबळींचा पहिला कसोटी सामना जानेवारी १९९३ मध्ये कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध झाला. पहिल्या डावात १६ आणि दुसऱ्या डावात नाबाद १८. काही विशेष नाही. मद्रासला ५९ धावा झाल्या. मग मुंबईला वानखेडे मैदानावर त्यांनी २२४ धावा काढल्या. लोक नाचू लागले. पुढच्याच सामन्यात दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७! त्याच वर्षी श्रीलंकेत १२५ आणि १२०. सात सामन्यांत ७९३ धावा झाल्या होत्या. तेव्हा त्यांचे वय होते २१ वर्षे. या वयात आपल्याकडे पोराच्या लग्नाची बोलणी चालू असतात.

आता सरासरी म्हणजे काय ते समजून घेऊ. फलंदाजाच्या सगळ्या धावा मोजायच्या. तो किती वेळा बाद झाला ते मोजायचे. धावांना त्या आकड्याने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे सरासरी. या पहिल्या सात सामन्यांत कांबळी आठ डाव खेळले आणि सात वेळा बाद झाले. ७९३ ला ७ ने भागा. उत्तर ११३ च्या वर येते. चांगल्या फलंदाजाची सरासरी ५० असली तरी लोक त्याला मोठा म्हणतात. मग ११३ म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

पुढे मात्र पाणी आटले. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. त्यांच्याकडे कोर्टनी वॉल्शसारखे उंच आणि वेगवान गोलंदाज होते. असा गोलंदाज चेंडू खेळपट्टीच्या मध्यावर जोरात आपटतो. तो उसळून फलंदाजाच्या छातीवर, कधी तोंडावर येतो. मारायचा की सोडायचा, हे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ठरवावे लागते. कांबळींना हे चेंडू जड गेले. तीन सामन्यांच्या सहा डावांत मिळून फक्त ६४ धावा झाल्या. आणि एकदा कमजोरी दिसली, की सगळेच गोलंदाज तिथे चेंडू टाकू लागतात. भिंतीला जिथे ओल लागली आहे तिथेच पाऊस घुसतो, तसे ते असते.

नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २८ धावा केल्या. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. वय २३. त्या वयात पुष्कळ खेळाडूंची सुरुवातही झालेली नसते.

शेवटच्या दहा सामन्यांत ते १३ डाव खेळले आणि २९१ धावा झाल्या. भागाकार केला तर सरासरी २२ च्या जरा वर. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सगळ्या मिळून १७ सामने, १०८४ धावा आणि सरासरी ५४.२०. सचिनची कसोटीतली सरासरी ५३.७८ आहे, म्हणजे थोडी कमीच! पण सचिन २०० कसोटी सामने खेळला आणि त्याच्या धावा १५,९२१ झाल्या. हे कसे? समजा दोन शेतकरी आहेत. एकाला चार वर्षे दरसाल दहा पोती ज्वारी झाली. दुसऱ्याला पहिली दोन वर्षे सोळा-सोळा आणि पुढची दोन वर्षे चार-चार. दोघांची बेरीज चाळीस, दोघांची सरासरी दहा. पण दुसऱ्याच्या घरी तिसऱ्या वर्षी काय हाल झाले, ते सरासरी सांगत नाही.

एकदिवसीय सामन्यांत कांबळी पुढेही खेळत राहिले. कधी आत, कधी बाहेर. १८ जानेवारी १९९३ ला, म्हणजे आपल्या वाढदिवशीच, त्यांनी जयपूरला इंग्लंडविरुद्ध नाबाद १०० धावा केल्या होत्या. एकूण १०४ सामन्यांत २४७७ धावा झाल्या. शेवटचा सामना २००० सालचा.

लोकांना मात्र वेगळाच एक दिवस आठवतो. १३ मार्च १९९६, कलकत्ता. विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर श्रीलंका. जिंकायला २५२ धावा हव्या होत्या. एक बाद ९८ वरून भारताची घसरगुंडी झाली आणि आठ बाद १२० अशी अवस्था आली. संतापलेल्या लोकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, कागद पेटवले. खेळ थांबला आणि सामना श्रीलंकेला देण्यात आला. कांबळी १० धावांवर नाबाद होते. ते रडत रडत मैदानाबाहेर आले. गडी रडला म्हणून काहींनी नावं ठेवली. आम्हाला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही.

मग संघात जागा टिकली का नाही? कोणी म्हणतात शिस्त कमी पडली. कोणी म्हणतात निवड करणाऱ्यांनी धीर धरला नाही. आपण तिथे नव्हतो, ऐकीव गोष्टींवर कशाला बोलायचे? एवढे मात्र खरे, की १९९६ मध्ये सौरव गांगुली आणि राहुल द्रविड कसोटी संघात आले आणि पाय रोवून उभे राहिले. जागा मोजक्याच असतात.

कांबळींची बॅट मात्र लगेच थांबली नाही. मुंबईकडून ते पुढेही खेळले. कसोटी धरून सगळ्या मोठ्या सामन्यांतल्या त्यांच्या धावा ९,९६५ भरल्या. दहा हजाराला अवघ्या ३५ कमी.