ट्रॅक्टरचा टायर घरच्या घरी कसा बदलावा?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत ट्रॅक्टरला विसावा असा फारसा मिळत नाही. पावसाळ्यात सातगाव पठारावर बटाट्याची लागवड असते. पुढे कांद्याच्या रोपांसाठी रान तयार करावे लागते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. अशा ऐन घाईत बांधावरील बाभळीचा एक काटा टायरमध्ये शिरला, तर सारे काम खोळंबते. तोडलेला ऊस वाळू लागतो, मजुरांची टोळी बसून राहते आणि वाफसा निघून जातो.

नारायणगाव, मंचर, आळेफाटा किंवा ओतूर येथून दुरुस्ती करणाऱ्यास वस्तीवर आणावयाचे, तर पुष्कळदा दिवस मोडतो. म्हणून अनेक शेतकरी हे काम स्वतःच हाती घेतात. ते घरी करता येण्यासारखे आहे. मात्र ते बळाचे नसून समजुतीचे काम आहे. यंत्राचे वजन आणि टायरमधील दाबलेली हवा या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले, तर हातपाय मोडण्याचा, प्रसंगी जीव जाण्याचा धोका असतो.

कोणते चाक घरी उघडावे?

ट्रॅक्टरची पुढील चाके आणि द्राक्षबागेत चालणाऱ्या लहान ट्रॅक्टरची चाके घरी उघडता येतात. मोठ्या ट्रॅक्टरचे मागील चाकही तीन-चार माणसांच्या मदतीने उघडता येते. या चाकांची रिम सामान्यतः एकसंध असते.

ट्रॉलीच्या चाकाची गोष्ट निराळी आहे. पुष्कळ ट्रॉल्यांना मालमोटारीसारखी चाके असतात आणि त्यांत टायर अडकवून ठेवणारी लोखंडी रिंग स्वतंत्र असते. ही रिंग गंजलेली, वाकलेली किंवा नीट न बसलेली असली, तर हवा भरताना ती बंदुकीच्या गोळीप्रमाणे उडते. एका तळहाताची जागा सुमारे २० चौरस इंच धरली आणि टायरमध्ये १०० पौंड हवा असली, तर तेवढ्याच जागेवर २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलो दाब पडतो. म्हणून स्वतंत्र रिंग असलेले चाक घरी कधीही उघडू नये. ते ट्रॉलीवरून काढण्यापूर्वीच त्यातील हवा पूर्ण सोडावी आणि ज्याच्याकडे लोखंडी पिंजरा आहे अशा माहितगार दुकानदाराकडे न्यावे.

टायर रिमवर कशाने टिकतो?

टायर ज्या भागाने रिमला घट्ट बसतो, त्यास येथे कड म्हणू. मिस्त्री लोक त्यास बीड म्हणतात. या कडेत पोलादी तारांचे वेटोळे असते. रबर ताणले जाते, पण ही तार ताणली जात नाही. मग रिमच्या उंच काठावरून कड बाहेर कशी येते?

याचे उत्तर रिमच्या घडणीत आहे. एकसंध रिमचा मधला भाग खोलगट असतो. कडेची एक बाजू या खोलगट भागात उतरविली की समोरच्या बाजूस तेवढीच सैल मिळते आणि कड काठावरून सहज निघते. टायर बदलण्याची सारी युक्ती एवढीच होय. टॉमीवर फार जोर द्यावा लागत असेल, तर समोरची कड खोलगट भागातून वर सरकली आहे असे समजावे. अशा वेळी जोर वाढवू नये. समोरची बाजू पायाने पुन्हा खाली दाबावी.

पूर्वतयारी

दोन-तीन गुळगुळीत टॉमी, चाकाचा पाना, मजबूत जॅक, लाकडी ठोकळे, वॉल्व्हची पिन काढण्याची किल्ली, हवेचे मापक, साबणाचे दाट पाणी आणि शंखजिऱ्याची पूड एवढे साहित्य जवळ असावे.

ट्रॅक्टर कठीण व सपाट जमिनीवर उभा करावा. नांगरलेल्या रानात जॅक रुततो व कलतो. जोडलेले अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. ट्रॅक्टरचा पुढील आस मधल्या खिळीवर डोलत असतो. म्हणून मागील चाक उचलण्यापूर्वी पुढील आस व सांगाडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी बसवाव्यात. नाहीतर ट्रॅक्टर एकाएकी कलंडू शकतो.

चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करावेत. जॅक मागील आसाच्या भक्कम भागाखाली लावावा. चाक उचलले गेल्यावर लगेच आसाखाली जाड ठोकळे रचावेत. केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये आणि ठोकळ्यांऐवजी दगडगोटे लावू नयेत.

मागील टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असल्यास ते आधी काढावे. १३.६-२८ या आकाराच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरले, तर ते सुमारे २०० लिटर, म्हणजे तितकेच किलो होते. चाक उचलून वॉल्व्ह तळाशी आणला की बरेचसे पाणी वाहून जाते.

टायर उतरविणे

वॉल्व्हची पिन काढून सर्व हवा सोडावी. त्या वेळी तोंड वॉल्व्हसमोर नसावे. टायरमध्ये हवा असताना रिमवर घण मारणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे मरणास आमंत्रण देणे होय. वेल्डिंगच्या उष्णतेने, हवा सोडलेला टायरदेखील फुटू शकतो. म्हणून वेल्डिंगपूर्वी टायर रिमवरून पूर्ण काढलाच पाहिजे.

बिघाड केवळ ट्यूबचा असेल, तर मागील चाक ट्रॅक्टरवरच ठेवून बाहेरची कड उतरविता येते. त्यामुळे अवजड चाक हलविण्याचा धोका टळतो.

गंजाने रिमला चिकटलेली कड रिमच्या काठालगत टायरवर दाब देऊन हळूहळू सभोवार सोडवावी. दोन्ही कडांना साबणाचे पाणी लावावे. ऑईल, डिझेल किंवा ग्रीस लावू नये. त्याने रबर खराब होते. नंतर एका बाजूची कड खोलगट भागात दाबून समोरच्या बाजूस दोन टॉमी वीतभर अंतराने घालाव्यात आणि थोडी थोडी कड बाहेर काढावी. एकदम मोठा घास घेतल्यास कडेची तार तुटते, आणि तार तुटलेला टायर पुन्हा वापरू नये.

ट्यूब व टायरची तपासणी

ट्यूब काढताना वॉल्व्हच्या जागी टायरवर खडूने खूण करावी. ट्यूबचे छिद्र सापडले की या खुणेवरून टायरमधील काट्याची जागा कळते. काटा न काढता ट्यूबला ठिगळ लावून ती पुन्हा बसविली, तर दुसऱ्या दिवशी तेच दुखणे उभे राहते. टायरचा आतील भाग जाड कापडाने चाचपावा; उघड्या बोटांत काटा किंवा तार शिरते. आतील दोरे तुटलेले दिसले, तर तो टायर घरी चढवू नये.

रिमवरील गंज तारेच्या ब्रशने घासून रंग लावावा. पाणी भरलेल्या टायरच्या रिमा आतून लवकर कुजतात. रिमला तडा असल्यास ती बदलावी.

टायर चढविणे

मागील टायरची नक्षी बाणासारखी असते. टायर ट्रॅक्टरवर बसल्यावर मागून पाहिले असता बाणाची टोके वर असावीत. पुष्कळ टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दाखविलेली असते. उलट्या टायरने चिखल बाजूस ढकलला जात नाही आणि चाक जागच्या जागी फिरते.

आतील कड आधी चढवावी. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून तिला गोल आकार येईल एवढीच हवा भरावी आणि ती पीळ न पडता आत बसवावी. दुसरी कड चढविताना वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने आरंभ करून शेवट वॉल्व्हजवळ करावा. वॉल्व्हच्या जागी ट्यूब जाड असल्याने तेथे कड खोलात उतरत नाही. मात्र समोरची कड पूर्ण खोलात राहू शकते. शेवटी वॉल्व्ह किंचित आत ढकलावा, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटत नाही.

हवा भरताना

खरी जोखीम येथे आहे. लांब नळी आणि वॉल्व्हला आपोआप धरून राहणारे टोक वापरावे. टायरच्या बाजूसमोर किंवा टायरवर वाकून उभे राहू नये. नक्षीच्या दिशेने आणि दूर उभे राहावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

कड बसविण्यासाठी ३५ पौंडांहून अधिक हवा कदापि भरू नये. टायरवर याहून कमी मर्यादा कोरलेली असल्यास तीच पाळावी. कडेजवळ टायरवर एक बारीक रेषा असते. ती रिमच्या काठापासून सभोवार सारख्या अंतरावर दिसली म्हणजे कड नीट बसली. तशी न दिसल्यास दाब वाढवू नये. हवा सोडून साबणपाणी लावावे व पुन्हा भरावे. कड बसविण्यासाठी पेट्रोल पेटविण्याचा प्रकार काही ठिकाणी करतात. त्यात टायरचा स्फोट होतो. तो कधीही करू नये.

कड बसल्यावर हवा एकदा पूर्ण सोडून पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबच्या सुरकुत्या मोडतात. नंतर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणे दाब ठेवावा. मागील टायरला रानातील कामासाठी पुष्कळदा १२ पौंडांच्या आसपास हवा पुरते. ओझे घेऊन सडकेवर जाताना ती वाढवावी लागते.

चाक बसविताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. तासभर काम झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आवळून पाहावेत. आसाखालील पाचरी काढावयास विसरू नये.

गावातील कार्यकर्त्यांसाठी

या विषयाची माहिती तोंडी सांगून पुरत नाही. हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना एकत्र बोलावून पुढील एक चाक उघडून दाखवावे आणि रिमचा खोलगट भाग प्रत्येकास हाताने चाचपू द्यावा. एकसंध रिम आणि रिंगची रिम शेजारी ठेवून त्यांतील फरक दाखवावा. चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी मिळून चांगला जॅक, मापक व लांब नळी घेतली, तर खर्च थोडा येतो. आपल्या ट्रॉलीच्या चाकाला रिंग आहे की नाही, हे प्रत्येक चालकाने पंक्चर होण्यापूर्वीच पाहून ठेवले पाहिजे.