गावाशी गावाची सोयरीक



आपल्या या अंकात लागण, खोडवा, ठिबक, पाचट यांवर नेहमीच लिहिलं जातं. या खेपेला आम्ही थोडी लांबची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट इंग्लंड-जर्मनीची असली तरी ती आपल्याच बांधावर येऊन थांबते, म्हणून शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

सोयरीक दोन घरांत होते, तशी ती दोन गावांतही होऊ शकते. युरोपात ही रीत चांगली रुजली आहे. एका देशातलं गाव दुसऱ्या देशातल्या गावाशी रीतसर नातं जोडतं. दोन्हीकडच्या नगरपालिका ठराव करतात आणि मग जाणं-येणं सुरू होतं. शाळेची मुलं, गाणारे-वाजवणारे, खेळाडू असे सारे एकमेकांच्या घरी उतरतात. अशा गावांना जुळी शहरं किंवा भगिनी शहरं म्हणतात.

वैरानंतरचं नातं

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड आणि जर्मनी एकमेकांच्या जिवावर उठले होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडातलं कॉव्हेंट्री शहर बेचिराख केलं. पाचशेवर माणसं गेली, जुन्या कॅथेड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी जर्मनीतलं ड्रेस्डेन जाळलं. तिथे सुमारे २५,००० माणसं मेली. एवढं झाल्यावर ही माणसं पुन्हा एका पंगतीला बसतील, असं कोणाला वाटलं असेल?

पण ती बसली. १९४७ साली ब्रिस्टॉलच्या पाच नागरिकांचं सद्भावना मंडळ हॅनोव्हरला गेलं. त्याच वर्षी रेडिंगच्या महापौर फीबी कस्डेनबाई ड्युसेलडॉर्फला गेल्या. तिथली उपासमार पाहून त्यांनी सहा मुलांना रेडिंगला बोलावलं. ती मुलं इंग्रज कुटुंबांत घरच्यासारखी राहिली. लक्षात घ्या, त्या काळात खुद्द इंग्लंडमध्ये पाव रेशनवर मिळत होता. घासातला घास काढून दिला म्हणतात तो असा.

कॉव्हेंट्री आणि ड्रेस्डेन यांचं नातं १९५९ साली जुळलं. १९६१ मध्ये जर्मन तरुण कॉव्हेंट्रीच्या पडक्या कॅथेड्रलमध्ये राबायला आले. १९६५ मध्ये इंग्रज तरुण ड्रेस्डेनला गेले आणि बॉम्बने मोडलेलं इस्पितळ उभं करायला हातभार लावला. पुढे ड्रेस्डेनचं मोठं चर्च पुन्हा बांधलं गेलं. त्याच्या कळसावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या कारागिरांनी घडवला. त्यातल्या एका कारागिराचे वडील १९४५ च्या त्याच हल्ल्यात विमानात होते. बापाने जे पाडलं, त्याचा कळस पोराने घडवला. २००५ साली ते चर्च पुन्हा खुलं झालं.

मुंबईचीही एक बहीण

ही रीत आपल्या राज्यातही येऊन पोचली आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराने पहिलं नातं १९४८ साली इंग्लंडच्या सेंट हेलेन्सशी जोडलं आणि १९६८ साली आपल्या मुंबईशी. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री आपल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. श्टुटगार्ट ज्या प्रांताची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी २०१५ साली महाराष्ट्राची भागीदारी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिकडे कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही झाला. उद्या आपल्यापैकी कोणाचा पोरगा तिकडे गेला तर नवल नाही.

पण करार झाला म्हणजे नातं झालं असं नाही. इंग्लंडातल्या बिशप्स स्टॉर्टफर्ड या गावाने २०११ साली आपली जर्मन आणि फ्रेंच जोडगावांशी असलेली जुनी नाती मोडीत काढली. नातं दोन कार्यालयांत राहिलं की फायलीत पडून राहतं. दोन घरांत गेलं की टिकतं. ही गोष्ट सांगण्यामागे आमचा मतलब एवढाच आहे.

आपली सहल

आता आपल्या अभ्यास सहलींकडे पाहू. रात्रभर गाडी, सकाळी एखाद्या नावाजलेल्या कारखान्याचं गेट, दुपारी मोठ्या बागायतदाराचा फड, तिथे फोटो, संध्याकाळी शिर्डी किंवा पंढरपूरचं दर्शन आणि परत. एकरी शंभर टनाचा ऊस डोळ्यांनी पाहतो, पण तो कसा आला ते कळत नाही. त्या घरी दोन रात्री काढल्या असत्या तर खताचा दुसरा हप्ता कधी दिला, खोडवा कधी मोडला, सोसायटीचं कर्ज कसं फिटलं, हे कळलं असतं. त्यातला खरा हिशेब पुष्कळदा घरच्या लक्ष्मीकडूनच मिळतो.

सहलीत दाखवत नाहीत अशा गोष्टीही कळल्या असत्या. सांगली-कोल्हापूरकडे वर्षानुवर्षं पाणी फार दिल्याने कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. चांगला फड सगळेच दाखवतात. फुटलेली जमीन पाहुण्याला कोणी दाखवत नाही, घरच्या माणसालाच दाखवतात. इसापूरच्या कालव्यावर भिजणाऱ्या आपल्या काळ्या रानाला हा धडा शंभर टनांच्या फोटोपेक्षा मोलाचा आहे.

कोणी म्हणेल, त्यांना द्यायला आमच्याकडे काय आहे? ड्युसेलडॉर्फच्या त्या सहा पोरांकडे तरी काय होतं? आपल्याकडे ऊस, कपाशी, तूर एकाच घरात सांभाळणारा शेतकरी आहे. ४५ अंशांच्या उन्हात ऊस जगवण्याची अक्कल आहे. त्यांचा बेंदूर आपण पाहावा, आपला पोळा त्यांनी पाहावा.

आणि ऊसतोडवाले?

एक सोयरीक तर न मांडताच चालू आहे. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांवरून किती बिऱ्हाडं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात! हंगामभर ती कोपीत राहतात. तिथल्या गावाच्या वाटा, विहिरी त्यांच्या पोरांना पाठ होतात. पण तिथल्या घराची ओसरी त्यांना कितीदा लाभते? आणि आपल्या फडात जी टोळी येते, तिचं गाव कोणतं, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? मुकादमाचं नाव माहीत असतं, बस्स. दूरच्या गावाशी नातं जोडायला निघण्याआधी या माणसांचं गाव विचारणं हे पहिलं काम आहे.

काय करता येईल?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गटातून एक गाव निवडावं. दुसऱ्या कारखान्याच्या क्षेत्रातलं एक गाव त्याला जोडावं. पहिल्या वर्षी दहा कुटुंबं पुरेत. उतरायचं घरीच, लॉजवर नाही. जाताना नवरा-बायको दोघांनी जावं. आणि जेवढे आपण जाऊ, तेवढे तिकडून आलेच पाहिजेत. राहण्या-जेवणाचा खर्च घरचा, त्यामुळे प्रश्न उरतो तो प्रवासभाड्याचा. त्यावर येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलता येईल.

‘विना सहकार नाही उद्धार’ असं आपण म्हणत आलो. सहकार म्हणजे शेअर्सचा दाखला आणि उसाचं बिल एवढंच नाही, हेही दाखवून देऊ. ज्यांच्या घरी पाहुणा ठेवायची तयारी आहे, त्यांनी आपलं नाव गट कार्यालयात द्यावं. आधी घर देणाऱ्यांची यादी होऊ द्या, जाणाऱ्यांची मागून करू.