चित्र नवं, गळा जुना

आकाने तेंदो १९८९ साली सोळा वर्षांची होती, २०२४ सालीही ती सोळाचीच आहे. तिला आवाज देणाऱ्या नोरिको हिदाका मात्र मधल्या काळात ६२ वर्षांच्या झाल्या. ‘रान्मा १/२’ ही गाजलेली जपानी ॲनिमे मालिका नव्याने काढायचं ठरलं तेव्हा स्टुडिओ बदलला, दिग्दर्शक बदलला, चित्र न चित्र नव्याने काढलं गेलं. पण मुख्य पात्रांसाठी बोलावणं गेलं ते पस्तीस वर्षांपूर्वीच्याच मंडळींना.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. रान्मा साओतोमे हा कुस्ती-कराट्यात वाढलेला पोरगा. बाप गेन्मा त्याला सरावासाठी चीनमधल्या एका शापित जागी घेऊन जातो. तिथे पाण्याच्या कुंडांत बांबू रोवलेले, आणि त्यांच्या टोकांवर उभं राहून लढायचं. आमच्या वसईच्या हरित पट्ट्यात जशी बावखलं, तशी ही कुंडं; फक्त इथे प्रत्येकात पूर्वी कोणीतरी बुडून मेलेलं. जो ज्या कुंडात पडेल त्याला त्या बुडालेल्याचं रूप येतं. रान्मा पडतो तरुणीच्या कुंडात, बाप पडतो पांडाच्या. त्यानंतर थंड पाणी अंगावर आलं की पोराची पोरगी होते आणि गरम पाणी घेतलं की पुन्हा पोरगा. अशा या वल्लीचं लग्न बापाने परस्पर तोक्योतल्या मित्राच्या मुलीशी ठरवून टाकलेलं असतं. ती मुलगी म्हणजे आकाने. तिला मुळात मुलांचाच तिटकारा.

हे डोकं रुमिको ताकाहाशी यांचं. त्यांचा जन्म १९५७चा, नीगाताचा. ‘रान्मा’ची चित्रकथा १९८७ ते १९९६ या काळात एका साप्ताहिकातून आली आणि तिचे ३८ खंड झाले. टीव्हीवर ती एप्रिल १९८९मध्ये आली आणि आपटली. १८ भागांत गाशा गुंडाळावा लागला. महिनाभरातच नवं नाव, नवी वेळ घेऊन ती परत आली आणि १९९२पर्यंत चालली. दोन्ही मिळून १६१ भाग. म्हणजे ‘रान्मा’ नव्याने सुरू होण्याची ही काही पहिली वेळ नव्हे.

या मालिकेची खरी गंमत कानाला कळते. एकाच माणसाला दोन आवाज. मुलगा रान्मा काप्पेई यामागुची यांचा, मुलगी रान्मा मेगुमी हायाशिबारा यांची. रान्मा तावातावाने भांडत असतो, कोणीतरी बादली ओततं, आणि चिडक्या वाक्याचा उरलेला अर्धा तुकडा पोरीच्या गळ्यातून येतो. राग तोच, शिवी तीच, घाई तीच, फक्त पट्टी वर. दोघांपैकी एकाने जरी वाक्य वेगळ्या तालात म्हटलं तरी दोन माणसं होतील आणि विनोद पडेल. हा जोड नव्या कलाकारांना जमला नसता असं नाही. पण जमायला वेळ लागला असता, आणि नव्या मालिकेला तेवढी मुभा मिळत नाही.

ताकाहाशींच्याच ‘उरुसेई यात्सुरा’चं पुनर्निर्माण २०२२मध्ये झालं. तिथे मुख्य कलाकार नवे घेतले होते. मालिका देखणी होती, ४६ भाग चालली, पण माझ्या कानाला ती पाठांतर नीट केलेल्या मुलासारखी वाटत राहिली. ‘रान्मा’त तसं होत नाही. अर्थात सगळेच आवाज परतले नाहीत. फुशारकी मारणाऱ्या कुनोचे मूळ कलाकार हिरोताका सुझुओकी २००६मध्ये वारले. तिथे तोमोकाझु सुगिता आले आणि त्यांनी नक्कल न करता कुनोला आपल्या परीने उभा केला.

आपल्याकडे नेमका उलटा रिवाज. अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’वरून ‘मोरूची मावशी’ बेतली, आणि १९८०च्या दशकात ‘सुयोग’ने ती पुन्हा रंगमंचावर आणली, तेव्हा मजकूर जुना आणि मावशी नवी: विजय चव्हाण. आज मावशी म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतात. जपान्यांनी पात्राला नवं शरीर दिलं आणि गळा राखला, आपण संहिता राखली आणि नटावर सोडून दिलं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ची, म्हणजे ‘रान्मा’ टीव्हीवर येण्याच्या आदल्या वर्षीची. तीही एका जुन्या हिंदी सिनेमावरूनच बेतलेली. पण लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती साडी फेडली की संपते. रान्माला फेडायला काहीच नाही, वेळेवर गरम पाणी तेवढं मिळायला हवं.

नवी मालिका ऑक्टोबर २०२४मध्ये आली. स्टुडिओ माप्पा, दिग्दर्शक ‘वन पीस’वाले कोनोसुके उदा, संगीत काओरु वादा यांचं. ती नेटफ्लिक्सवर असल्यामुळे सांडोरहून वसई रोड स्टेशन गाठेपर्यंत कॉलेजातलं पोरगं मोबाइलवर अख्खा भाग संपवू शकतं. मारामाऱ्या आता अधिक चपळ आहेत, रंग खुलून आलेत. जुन्या मालिकेत उघडं अंग बिनदिक्कत दिसायचं; ते इथे सौम्य केलंय. मूळ कथेशी इमान जुन्यापेक्षा जास्त.

इमान जास्त म्हटलं की मूळच्या खोडीही आल्या. शाम्पू ही चिनी मुलगी अजूनही मोडकंतोडकं बोलते आणि त्यावर हसणं अपेक्षित आहे. आकानेला ‘तुझ्यात बायकीपणाच नाही’ असं ऐकवणंही तसंच राहिलंय. आजच्या विशीतल्या प्रेक्षकाला रान्माच्या दोन देहांत खूप काही दिसतं; ताकाहाशींना मात्र त्यात आधी गंमत दिसली होती, आणि नव्या मालिकेने त्या गमतीवर भाष्य लादलं नाही. मला हे पटतं. शाम्पूचं बोलणं मात्र बदललं असतं तरी काही बिघडलं नसतं.

पहिल्या हंगामात १२ भाग झाले, दुसरा हंगाम पुढच्या ऑक्टोबरात आला. जुन्या मालिकेला आठवड्याला एक भाग या गतीने साडेतीन वर्षांत १६१ भाग मिळाले होते. वर्षाला १२ धरले तर तिथवर पोचायला तेरा वर्षांहून अधिक लागतील. तेव्हा आकाने सोळाची असेल, हिदाका पंचाहत्तरीत असतील.