ड्रोन निघाला परदेशी!

मंडळी, आमच्या हॉस्टेलमध्ये सध्या दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांच्याकडे ड्रोन आहे. आणि दुसरे, ज्यांना तो परदेशातल्या कुणाकडून तरी मागवायचा आहे! सुट्टीत घरच्यांबरोबर दुबई, सिंगापूर, युरोप अशा टूरवर जाणारेही बरेच आहेत. "बॅगेत टाकायचा, डोंगर दिसला की उडवायचा, त्यात काय एवढं?" असा एकंदर सूर असतो. माझ्या मावसभावाचाही तोच सूर होता. लग्नानंतर स्वित्झर्लंडला निघाला होता. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग नियम बघून सांग," अशी ऑर्डर त्याने फोनवरून सोडली. मी बघायला बसले आणि तीन रात्री त्यातच गेल्या. त्याचं सार इथे देते आहे. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द जरा जास्तच येतात, तेवढं चालवून घ्या!)

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्यासाठी ड्रोन हे खेळणं असलं तरी कायद्यासाठी ते विमान आहे. त्यामुळे ज्या देशाच्या आकाशात तो उडतो, त्या देशाचे नियम लागू होतात. आपल्याकडे २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं लायसन्स लागत नाही, पण हा युक्तिवाद झुरिकच्या पोलिसापुढे चालणार नाही. तिथे नवी विटी, नवं राज्य!

आता हा २५० ग्रॅमचा आकडा जगभर इतक्या ठिकाणी का दिसतो? अमेरिकेत २०१५ साली नेमलेल्या समितीचं गणित बघा. ड्रोन वरून पडला तर त्याचा वेग साधारण २५ मीटर प्रति सेकंद होईल असं धरलं. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे २५० ग्रॅमला सुमारे ७८ ज्यूल. डोक्यावर ८० ज्यूलच्या आसपास आघात झाला तर जीव जाण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून रेघ तिथे ओढली. फर्स्ट इयरचं फिजिक्स कायद्यात असं जाऊन बसलंय!

दुसरा आकडा १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. टेकऑफ आणि लँडिंग सोडलं तर विमानं साधारणपणे ५०० फुटांच्या खाली येत नाहीत. मधले १०० फूट ही सुरक्षित फट. ती का हवी, हे डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर कळलं. ड्रोन दिसल्याच्या बातम्यांवरून सुमारे १,००० उड्डाणांवर परिणाम झाला आणि ऐन ख्रिसमसच्या तोंडावर सुमारे १,४०,००० प्रवासी अडकले.

आता देशांकडे वळू.

युरोप : ३१ डिसेंबर २०२०पासून युरोपियन युनियनमध्ये एकच नियमावली आहे. नॉर्वे, आइसलँड आणि २०२३पासून स्वित्झर्लंडही त्यात आहेत. ज्या देशात प्रथम उडवणार तिथे ऑनलाइन नोंदणी करायची. मग ती बाकी देशांतही चालते. मिळालेला नंबर ड्रोनवर चिकटवायचा. इथेच बरेच जण फसतात. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी त्याला कॅमेरा असेल (आणि तो खेळण्याच्या वर्गातला नसेल) तर नोंदणी लागतेच! वजन त्याहून जास्त असेल तर ४० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षाही आहे, पासिंग ७५ टक्क्यांना. (आपल्या युनिव्हर्सिटीचे ४० टक्के तिथे कामाचे नाहीत.) ड्रोन कायम नजरेच्या टप्प्यात हवा आणि गर्दीवरून न्यायचा नाही. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये २५० ग्रॅमपासून पुढे किमान १० लाख फ्रँकचा विमा लागतो.

ब्रिटन आणि जपान : इथे २५० ग्रॅमचा हिशोब विसरा. जपानमध्ये जून २०२२पासून आणि ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२६पासून १०० ग्रॅमलाच नियम सुरू होतात. जपानमध्ये नोंदणी, तर ब्रिटनमध्ये नोंदणी आणि ऑनलाइन टेस्ट दोन्ही.

अमेरिका : हौशी मंडळींसाठी 'ट्रस्ट' नावाची फुकट ऑनलाइन टेस्ट आहे. २५० ग्रॅमपासून पुढे नोंदणी, फी ५ डॉलर. मात्र नॅशनल पार्कमध्ये २०१४पासून बंदी आहे. म्हणजे ग्रँड कॅन्यनचा व्हिडिओ काढायचे मनसुबे इथेच सोडा.

सिंगापूर : २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाला नोंदणी, आणि परवान्याशिवाय उंची फक्त २०० फूट.

मोरोक्को, इजिप्त : परवानगीशिवाय ड्रोन नेलात तर उडवण्याचा प्रश्नच येत नाही, तो विमानतळावरच जप्त होतो.

नियम एका रात्रीत बदलतातही. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ मध्ये हौशी ड्रोन बंद केले. ते टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. जुलै २०२५ मध्ये कंबोडियाशी संघर्ष पेटल्यावर थायलंडने देशभर बंदी घातली. म्हणून मित्राने मागच्या वर्षी उडवला होता, हा पुरावा धरू नका. निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याचा नियम स्वतः वाचा.

बॅटरीचंही तसंच. जादा लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच न्यायची, आणि टर्मिनल्सवर टेप लावायची. मर्यादा १०० वॉट-अवर; १०० ते १६०च्या मध्ये असेल तर एअरलाइनची परवानगी. हिशोब सोपा आहे. ५,००० मिलिअँपिअर-अवर आणि १५.४ व्होल्ट म्हणजे ५ गुणिले १५.४, बरोबर ७७. पास!

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात खिशातले पैसे जातात. परदेशात ड्रोन स्वस्त मिळतो म्हणून घेऊन येऊ नका. फेब्रुवारी २०२२पासून भारतात तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण अशा कारणांसाठी सवलत आहे, पण "भाच्यासाठी गिफ्ट" हे कारण त्यात बसत नाही. कस्टमने तो ठेवून घेतला तर काकांचे पैसे गेले आणि आपलं तोंडही पडलं. तेव्हा एम.एस.ला गेलेल्या सीनिअर्सना असली गळ घालू नका. आपला इथलाच ड्रोन बाहेर नेत असाल तर जातानाच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि बिल सोबत ठेवा. नाहीतर परत येताना तो नवा खरेदी केलेला नाही, हे सिद्ध करत बसावं लागेल.

थोडक्यात काय, तर वजन, नोंदणी, जागा, बॅटरी आणि परतीचा कागद, या पाच गोष्टी तिकीट काढतानाच तपासा. एवढं सगळं करायचा कंटाळा येत असेल तर ड्रोन सरळ घरी ठेवा. आल्प्स खालून बघितले तरी छानच दिसतात!