टीबीसारखा दिसतो, पण टीबी नाही: ओळख नोकार्डियाची

मागच्या व्याख्यानात आपण क्षयरोगाबद्दल बोललो. आज त्याच्याशी गल्लत होणारा एक आजार पाहू: नोकार्डिओसिस. तो क्वचितच होतो, पण ओळखायला चुकलं तर फार महागात पडतो.

नोकार्डिया हा मातीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात राहणारा जिवाणू. एडमंड नोकार या फ्रेंच पशुवैद्यकाने १८८८ साली ग्वाडलूप बेटावरच्या गुरांच्या आजारात तो शोधला, म्हणून हे नाव. धुळीबरोबर तो श्वासातून फुप्फुसात जातो. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? कारण आपल्या पांढऱ्या पेशी त्याला थोपवून धरतात आणि टी-पेशींच्या मदतीने संपवतात. हा पहारा ढिला पडला की तो वाढतो. पहारा ढिला कुणाचा पडतो? मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बदललेल्यांचा, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांचा, एचआयव्ही बळावलेल्यांचा आणि महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांचा.

आता गल्लत कुठे होते ते बघा. समजा, संधिवातासाठी वर्षभर स्टेरॉइड घेणाऱ्या एका बाईंना ताप येतोय, खोकला आहे, वजन उतरतंय. एक्स-रेमध्ये फुप्फुसात गाठ किंवा पोकळी दिसते. आपल्याकडे पहिला विचार टीबीचाच येणार, आणि त्यात चूक काहीच नाही. पण टीबीच्या नेहमीच्या चार औषधांनी नोकार्डिया आटोक्यात येत नाही. महिने जातात आणि तेवढ्यात तो रक्तातून मेंदूत पोचून तिथे गळू करू शकतो. डोकेदुखी, झटके सुरू झाल्यावर शोध लागला, तर बराच उशीर झालेला असतो.

प्रयोगशाळेतही तो चकवतो. टीबीच्या तपासणीत थुंकीला लाल रंग देऊन ती तीव्र आम्लाने धुतात. टीबीचा जंतू रंग सोडत नाही. नोकार्डिया मात्र बहुतेक वेळा सोडतो. सौम्य, म्हणजे एक टक्का आम्ल वापरलं तर रंग धरून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसतात, त्यामुळे पूर्वी त्याला बुरशीच समजत. शिवाय तो सावकाश वाढतो. नेहमीचे जिवाणू एक-दोन दिवसांत उगवतात, याला कधीकधी दोन-तीन आठवडे लागतात. दोन दिवसांनी बशी टाकून दिली, की पुरावाही गेला! म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘नोकार्डियाची शंका’ एवढं लिहिलं, तरी खूप फरक पडतो.

ओळख पटली तर औषध आहे. को-ट्रायमोक्साझोल हे जुनं, स्वस्त सल्फा औषध आजही उपचाराचा कणा आहे. आजार गंभीर असेल तर जोडीला इंजेक्शनं लागतात. उपचार साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे रुग्णाला घरात वेगळं ठेवायची गरज नसते.

मग आपण काय करायचं? खोकल्यासाठी नव्या डॉक्टरांकडे गेलो, तर चालू असलेली सगळी औषधं सांगायची, स्टेरॉइड तर आवर्जून. पण भीतीपोटी स्टेरॉइड मनानेच बंद करायचं नाही, ते धोक्याचं आहे. प्रतिकारशक्ती कमी असेल तर कुंड्यांची माती उकरताना मास्क लावायचा. आणि टीबीच्या औषधांनी उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारायचं: “हे दुसरं काही असू शकेल का?”