तीन गोळ्यांचा हट्ट

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि मला ताप भरला. आमच्या डॉक्टरांनी तपासले, चाचणी सांगितली, पॅरासिटामॉल लिहून दिले. एवढेच? शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळाले होते! मी हट्टच धरला. बाहेर रांग खोळंबलेली. डॉक्टरांनी निमूटपणे तीन गोळ्या लिहिल्या. चाचणीत करोनाच निघाला. मी बरा झालो आणि सारे श्रेय त्या गोळ्यांना देऊन मोकळा झालो.

पुढे वाचनात आले, की घरीच उपचार घेणाऱ्या वयस्क रुग्णांवर ब्रिटनमध्ये या औषधाची चाचणी झाली होती. त्याने करोना लवकर बरा होत नाही, हे मार्च २०२१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. होणार तरी कसा? प्रतिजैविक मारते जिवाणूंना. करोना पडला विषाणू! उलट चिवट जिवाणू तेवढे मागे उरतात, आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषधच लागू पडत नाही. कदाचित माझ्या नातवंडांना!

विद्यार्थ्यांनी कितीही गळ घातली तरी मी कधी गुण वाढवून दिले नाहीत, वाचकहो. त्या दिवशी दवाखान्यात मात्र मीच तो हट्टी विद्यार्थी झालो होतो.