शब्द रूप पालटतो, तेव्हा कर्ता कुठे जातो?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'रिझर्व्ह' हा इंग्रजी शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे. एसटीतली जागा आपण 'रिझर्व्ह' करतो, ताडोबा-अंधारी हे 'टायगर रिझर्व्ह' आहे, आणि वन कायद्यात 'रिझर्व्ड फॉरेस्ट' असते. म्हणजे एकच शब्द क्रियापद, नाम आणि विशेषण अशी तीन कामे करतो. हे कसे जमते ते आपण पाहू.

मराठीत शब्दाची जात पुष्कळदा त्याच्या शेपटीवरून कळते. 'फूल' हे नाम, 'फुलणे' हे क्रियापद, 'फुललेले' हे विशेषण. जुन्या इंग्रजीतही असेच होते. प्रेम या अर्थाचे नाम 'लुफू', तर क्रियापद 'लुफिअन'. पुढे हे प्रत्यय झिजले आणि दोन्हीकडे 'लव्ह' उरले. त्यामुळे आज शब्दाची जात ओळखताना वाक्यातली त्याची जागा पाहावी लागते. 'प्लांट्स नीड वॉटर' यात 'प्लांट्स' म्हणजे वनस्पती. 'शी प्लांट्स ट्रीज' यात त्याच रूपाचा अर्थ 'लावते'. पहिला 'स' अनेकवचनाचा, दुसरा तृतीयपुरुषी एकवचनाचा. शब्दाचा एकच अर्थ पाठ केलेला विद्यार्थी नेमका येथे अडखळतो.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांबरोबर 'शन', 'मेंट', 'एबल' असे प्रत्यय इंग्रजीत आले. विज्ञानाची पुस्तके अशा शब्दांनी भरलेली असतात. 'फॉरेस्ट'च्या आधी 'डी' आणि शेवटी 'एशन' जोडले की 'डिफॉरेस्टेशन' तयार होते.

या घडणीत एक गोष्ट हातातून निसटते. 'जंगल तोडले' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न लगेच मनात येतो. 'डिफॉरेस्टेशन झाले' म्हटले की तो येत नाही. आपली 'जंगलतोड' आणि 'विस्थापन' हीसुद्धा अशीच नामे. विज्ञानाला अशी नामे लागतातच. 'बाष्पीभवन' हा शब्द नसता तर त्याच्या वेगाविषयी बोलणे अवघड झाले असते. मात्र त्या सोयीत कर्ता दिसेनासा होतो.

आता 'रिझर्व्ड'कडे वळू. हे क्रियापदापासून झालेले विशेषण आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार सरकार आधी कलम ४ खाली अधिसूचना काढते, मग एक अधिकारी त्या जमिनीवरील लोकांच्या हक्कांची चौकशी करतो, आणि शेवटी कलम २० खाली वन राखीव म्हणून जाहीर होते. एवढी सगळी कृती त्या शेवटच्या 'ड'मध्ये साठलेली आहे. बोलताना आपण 'रिझर्व्ह फॉरेस्ट' म्हणतो आणि तो 'ड' गळतो. मग राखीवपणा हा सागाच्या पानासारखा जंगलाचा मूळचाच गुण वाटू लागतो. 'राखून ठेवलेले वन' म्हटले की कोणी राखले, केव्हा, आणि तेथे वावरणाऱ्यांच्या हक्कांचे काय झाले, हे प्रश्न पुन्हा उभे राहतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, ते याच प्रश्नांच्या उत्तरादाखल.

वर्गात एक उपक्रम करता येईल. आठवी-नववीच्या पुस्तकातील 'शन'ने संपणारे शब्द मुलांना शोधू द्या. प्रत्येकाचे क्रियापद करायचे आणि 'कोण?' असे विचारायचे. औष्णिक वीज केंद्रातले 'कंडेन्सेशन' घेतले तर उत्तर येते : वाफ थंड होते आणि तिचे पाणी बनते. 'डिफॉरेस्टेशन'चे उत्तर देताना माणसाचे नाव घ्यावे लागते. काही शब्द, उदाहरणार्थ 'पोल्यूशन', कोणत्या गटात टाकायचे यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. त्या वादात इंग्रजीचे व्याकरणही पक्के होते, आणि निसर्गात आपोआप घडणारे कोणते व माणसाने घडवलेले कोणते, हेही मुले तपासू लागतात.